चौऱ्याण्णव तारखांचा रोजनामा

२९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी आमच्या तालुक्याच्या न्यायालयाने माझी निर्दोष मुक्तता केली. फिर्याद दाखल झाली होती १२ फेब्रुवारी २०१३ रोजी. मला अटक झाली तेव्हा माझी मुलगी पहिलीत जायची होती. निकाल लागला तेव्हा ती अकरावीत होती. निकालानंतर ओळखीच्या आणि अनोळखी अनेकांनी मला विचारले की इतकी वर्षे अडकलेला खटला शेवटच्या वर्षात एकदम पुढे कसा सरकला. त्यांना प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा सगळे क्रमाने लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. मी वकील नाही. जे कायद्याचे सांगतो आहे ते माझ्या खटल्याच्या निमित्ताने वाचलेले आणि वकिलांकडून समजून घेतलेले आहे.

मी तालुका खरेदी-विक्री संघाच्या गोदामात कारकून होतो. २०११-१२च्या लेखापरीक्षणात युरिया आणि डीएपीची पोती कमी भरली. तूट ११ लाख ४० हजार रुपयांची निघाली आणि लेखापरीक्षकांनी पोलिसांत फिर्याद दिली. व्यवस्थापक आरोपी क्रमांक एक, लेखापाल दोन आणि मी तीन. भारतीय दंड संहितेची कलमे ४०८, ४२०, ४६८ आणि ३४ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अटक झाली. चार दिवस पोलीस कोठडी, नंतर न्यायालयीन कोठडी. न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला, सत्र न्यायालयाने ३ मार्च रोजी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या जामीनदारावर मंजूर केला. तरीही मी बाहेर आलो ५ मार्चला, कारण जामीनदाराची कागदपत्रे पूर्ण नव्हती. माझा मेहुणा जामीनदार राहिला. त्याचा सातबारा होता, शिधापत्रिका होती, पण न्यायालयाने तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागितला आणि त्यात दोन दिवस गेले. ज्यांच्या घरात असा प्रसंग आला आहे त्यांनी जामिनाचा अर्ज सुनावणीला लागण्याआधीच जामीनदाराची कागदपत्रे जमवायला सुरुवात करावी. तुरुंगातला एक दिवस बाहेरच्या दोन दिवसांच्या धावपळीपेक्षा मोठा असतो.

त्या बराकीत माझ्या शेजारी एक तरुण झोपत असे. साध्या चोरीचा गुन्हा, ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. तो चौदा महिन्यांपासून आत होता. त्याला जामीन मिळालेला होता, पण जामीनदार म्हणून उभा राहणारे कोणी नव्हते. पुढे मी वाचले तेव्हा कळले की खटला वाजवी वेळेत चालण्याचा हक्क आपल्याकडे मान्य झाला तो अशाच माणसांमुळे. बिहारच्या तुरुंगांत खटल्याची वाट पाहत असलेल्या आणि काही प्रकरणांत गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ डांबलेल्या कैद्यांबद्दल वर्तमानपत्रात आले, वकील कपिला हिंगोरानी यांनी त्यावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की जलद खटला हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालाला चौतीस वर्षे होऊन गेल्यावर तो तरुण माझ्याशेजारी झोपत होता. आज त्याच्यासारख्यांसाठी एक सोय झालेली आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिले आहेत. कोणाचा नातेवाईक असा अडकला असेल, तर थेट त्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अर्ज द्यावा. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि कोठडीत असलेली व्यक्ती उत्पन्न न पाहता मोफत वकिलाला पात्र असते.

दोषारोपपत्र डिसेंबर २०१३ मध्ये दाखल झाले. त्याची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते. मला मात्र ती मिळायला पुढची चार महिने वाट पाहावी लागली, कारण तीन आरोपींसाठी तीन संच पोलिसांनी दिलेले नव्हते. त्यानंतर दोषारोप निश्चित व्हायचे होते. त्या दिवशी तिन्ही आरोपी हजर हवेत. व्यवस्थापक एक तारीख येत, पुढच्या दोन तारखांना हजेरी माफीचा अर्ज देत, त्यात कधी प्रकृतीचे कारण, कधी घरच्या कार्याचे. ते हजर असले तर लेखापाल गैरहजर. दोघेही आले तर न्यायाधीश रजेवर. अशी तीन वर्षे गेली आणि १४ मार्च २०१७ रोजी आम्हाला दोषारोप वाचून दाखवले गेले. ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणालो. तेवढा एक शब्द बोलायला मी चार वर्षे थांबलो होतो.

तारीख म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी लिहितो. सकाळी अकराच्या आधी पोहोचायचे, दाराबाहेर लावलेल्या बोर्डावर आपला क्रमांक शोधायचा आणि पुकाऱ्याची वाट पाहत उभे राहायचे. पट्टेवाला नाव पुकारतो तेव्हा आत असलो नाही तर वॉरंट निघू शकते, म्हणून चहालाही जाता येत नाही. कधी बारा वाजता, कधी चार वाजता पुकारा होतो. ‘साक्षीदार?’ असे न्यायाधीश विचारतात, ‘गैरहजर’ असे उत्तर येते, कारकून पुढची तारीख लिहितात आणि आपण बाहेर पडतो. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. मी निलंबित होतो, पुढे संघच डबघाईला आला, तेव्हा एका खतांच्या दुकानात रोजावर हिशेब लिहीत होतो. तारखेच्या दिवसाचा रोज बुडे, वकिलांचे ५०० रुपये आणि येण्या-जाण्याचे १२० रुपये जात. हे पैसे एकेका वेळी थोडे वाटतात. मी पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहून ठेवले होते म्हणून सांगू शकतो की निकालापर्यंत बुडालेला रोज धरून माझे २ लाख ६१ हजार रुपये गेले.

पैशांहून अधिक त्रास आरोपी या शब्दाने दिला. मुलीच्या शाळेच्या पालक समितीवर माझे नाव कोणी सुचवले, तर मीच आधी नको म्हणत असे. भाचीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मी त्या घरी जाणे टाळले. दोषी ठरलो असतो तर शिक्षा किती, हे निदान कायद्यात लिहिलेले होते. निकाल न लागलेल्या माणसाची अवस्था किती वर्षांची, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

माझे पहिले वकील ज्येष्ठ होते आणि माझ्याशी नेहमी आपुलकीने वागले. मी घाई केली की ते म्हणत, ‘फौजदारीत लांबलेले आरोपीच्या पथ्यावर पडते. साक्षीदार विसरतात, बदलून जातात, कागद गहाळ होतात. तुम्ही बाहेर आहात ना, मग चालू द्या.’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात मी अनेकांच्या तोंडून ऐकला आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही आहे त्याला तो लागूही पडत असेल. माझे म्हणणे असे होते की व्यवस्थापकांच्या सहीच्या चिठ्ठीवर मी पोती सोडत होतो, त्या चिठ्ठ्या पोलिसांनी जप्त केलेल्या मुद्देमालात होत्या आणि प्रत्येक खेप हमालांच्या मुकादमाने मोजलेली होती. मला साक्षीदारांनी विसरायला नको होते. मला त्यांना आठवायला हवे होते. हे मी वकीलसाहेबांना ठामपणे सांगितले नाही, ही माझी चूक. तो मुकादम माझ्या बाजूने साक्ष द्यायला तयार होता. २०१९च्या पावसाळ्यात तो वारला. त्याच्या अंत्ययात्रेला मी गेलो तेव्हा एका माणसाच्या जाण्याच्या दुःखाबरोबर स्वतःच्या खटल्याचा विचार मनात आला, याची मला आजही लाज वाटते.

फिर्यादी लेखापरीक्षकांची सरतपासणी, म्हणजे सरकार पक्षाने घ्यायची साक्ष, ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. उलटतपासणीसाठी आमच्या वकीलसाहेबांनी त्या दिवशी वेळ मागितला. एका तारखेचा प्रश्न आहे, असे वाटले. लेखापरीक्षक तोवर निवृत्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात स्थायिक झाले होते. ते पुन्हा आले जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे सतरा महिन्यांनी. उलटतपासणी अर्धी झाली आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. न्यायालये पूर्ववत सुरू झाली तेव्हा तिसरे न्यायाधीश बदलून चौथे आलेले होते.

२०२२च्या उन्हाळ्यात पैसे संपले आणि मी तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला, आधार आणि प्रकरणाचा तपशील एवढेच लागले. तीन आठवड्यांत समितीच्या यादीवरील एका वकील मॅडमची नेमणूक झाली. मोफत मिळालेला वकील लक्ष देत नाही, असे मला अनेकांनी सांगितले होते. माझा अनुभव पूर्ण उलटा आहे. पहिल्या भेटीत त्यांनी माझी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि एकच काम सांगितले, ‘संपूर्ण रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढून आणा. मग बोलू.’

प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडले, कोण हजर होते, तारीख कोणी आणि का मागितली, याची नोंद म्हणजे रोजनामा. नऊ वर्षे मी त्या न्यायालयात जात होतो आणि हा शब्द रोज कानावर पडत होता, पण तो आपल्याला मागता येतो हे मला ठाऊक नव्हते. नकला विभागात अर्ज दिला, कोर्ट फीचे तिकीट लावले, ३४० रुपये भरले आणि अकरा दिवसांनी प्रत मिळाली. अर्जात ‘पहिल्या तारखेपासून आजपर्यंतचा संपूर्ण रोजनामा’ असे स्पष्ट लिहावे. माझ्या आधीच्या माणसाने नुसते ‘रोजनामा’ लिहिले होते, त्याला शेवटच्या दोन वर्षांचाच मिळाला आणि त्याची दुसरी खेप पडली. मोबाइलवरील ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारखांची यादी दिसते. तीही उपयोगाची आहे, परंतु तारीख कोणामुळे गेली हे माझ्या प्रकरणात तिथे दिसत नव्हते.

मी दोन रात्री बसून वहीत तक्ता केला. एकूण तारखा ९४. साक्षीदार न आल्याने गेलेल्या ३१. आम्हा तिघांपैकी कोणी गैरहजर असल्याने २२. न्यायाधीश रजेवर, प्रशिक्षणाला किंवा पद रिक्त असल्याने १४. टाळेबंदीच्या ९. आमच्याच बाजूच्या वकिलांनी वेळ मागितल्याच्या ११. ज्या दिवशी खटला खरोखर एखादे पाऊल पुढे गेला, अशा तारखा ७.

मी त्या २२ आणि ११ या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. नऊ वर्षे मी सगळ्यांना सांगत आलो होतो की सरकारने माझा खटला रखडवला. एक तृतीयांशाहून अधिक तारखा आरोपींच्या बाकावरून गेल्या होत्या आणि त्यातल्या तीन माझ्या स्वतःच्या गैरहजेरीच्या होत्या. वकील मॅडमना मी तक्ता दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘न्यायालय नेमके हेच पाहते. किती वर्षे झाली ते नंतर, कोणामुळे झाली ते आधी.’ त्यांनी मला ए. आर. अंतुले विरुद्ध आर. एस. नायक हा निकाल समजावून सांगितला. महाराष्ट्राच्या माजी मुख्यमंत्र्यांच्या खटल्यातून आलेला, डिसेंबर १९९१ मधला, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. जलद खटल्याचा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्याला लागू आहे असे त्यात म्हटले आहे. आरोपीची काळजी, खर्च, त्याच्या व्यवसायाची होणारी हानी आणि साक्षीदाराच्या मृत्यूमुळे बचावाला बसणारा फटका, हे सगळे त्यात मान्य केलेले आहे. तो परिच्छेद ऐकताना मला मुकादम आठवला. परंतु किती वर्षांनी हक्काचा भंग झाला असे मानायचे, याची ठराविक मुदत न्यायालयाने घातली नाही. विलंब कोणामुळे झाला, गुन्ह्याचे स्वरूप काय, न्यायालयांवर कामाचा भार किती, असे सारे एकत्र तोलून पाहावे असे सांगितले. पुढे काही निकालांनी वर्षांच्या मुदती घातल्या, पण २००२ मध्ये पी. रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्या रद्द ठरवल्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जॉर्डन प्रकरणात अठरा आणि तीस महिन्यांच्या कमाल मर्यादा घातल्या आहेत, हे मी नंतर वाचले आणि क्षणभर हेवा वाटला. पण आरोपीने स्वतःहून घालवलेला वेळ तिथेही त्या हिशेबातून वजा होतो.

विलंबाच्या कारणावरून खटलाच रद्द करून मागावा, असे माझ्या मनात होते. मॅडमनी मला त्यापासून परावृत्त केले आणि आज मला ते योग्य वाटते. आमचा ३३चा आकडा पाहता ती मागणी टिकणे अवघड होते आणि ती याचिका प्रलंबित असताना मूळ खटल्याला स्थगिती मिळाली असती तर आणखी वर्षे गेली असती. शिवाय मला खटला बंद व्हायला नको होता, निकाल हवा होता. म्हणून आधी खालच्याच न्यायालयात लेखी मागायचे ठरले. तोंडी केलेली विनंती रोजनाम्यात उतरेलच असे नाही. लेखी अर्जाला निशाणी क्रमांक, म्हणजे दप्तरातला नोंद क्रमांक, पडतो आणि त्यावर आदेश करावाच लागतो. इतकी वर्षे मी ‘साहेब, लवकर संपवा’ असे हात जोडून पाच-सहा वेळा तरी म्हणालो असेन. त्यातली एकही ओळ नोंदीत सापडली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये तीन अर्ज दिले. पहिला, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१७(२) प्रमाणे वारंवार गैरहजर राहणाऱ्या आरोपी क्रमांक एकचा खटला वेगळा करावा. दुसरा, समन्स बजावूनही न येणाऱ्या साक्षीदारांवर जामीनपात्र वॉरंट काढावे आणि ते हजर करण्यासाठी पोलीस अधीक्षकांना पत्र द्यावे. तिसरा, कलम ३०९ प्रमाणे साक्षीपुरावा सलग दिवशी नोंदवावा. या कलमात साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता तारीख देऊ नये, वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत हे तारखेचे कारण होऊ शकत नाही, तारीख मागणाऱ्यावर खर्च बसवता येतो, असे सारे लिहिलेले आहे. तिसऱ्या अर्जाच्या शेवटी मॅडमनी एक ओळ घातली, ‘आरोपी क्रमांक तीन यापुढे कोणतीही तहकुबी मागणार नाही.’ आणि मला समोर बसवून विचारले की हे पाळता येईल का, कारण एकदा मोडले की अर्जात अर्थ राहणार नाही. मी ताप असतानाही दोनदा गेलो ते या एका ओळीसाठी.

पहिले दोन अर्ज मंजूर झाले. तिसऱ्यावर सरकारी अभियोक्त्यांचे म्हणणे यायला दोन महिने लागले आणि कामाच्या भारामुळे सलग तारखा देणे शक्य नाही, असा आदेश झाला. तो आदेश आम्हाला प्रतिकूल होता, तरी पुढच्या पायरीला तोच उपयोगी पडला. १७ जानेवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात फौजदारी रिट याचिका दाखल केली. मागणी एकच होती, खटला ठराविक मुदतीत निकाली काढण्याचे निर्देश द्यावेत. सोबत दोषारोपपत्र, रोजनामा, माझा तक्ता टंकलिखित करून आणि तिन्ही अर्जांवरील आदेश जोडले. तिथल्या वकिलांची फी आणि किरकोळ खर्च धरून ३४ हजार रुपये लागले, त्यातले २० हजार भावाकडून उसने घेतले. उच्च न्यायालयातही विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळतो, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आपण विचारावे.

सुनावणी दोनदा झाली. दुसऱ्या सुनावणीला न्यायमूर्तींनी विचारले, खाली मागणी केली होती का, आणि आमच्या वकिलांनी आदेशांच्या प्रती दाखवल्या. २१ फेब्रुवारीला निर्देश झाले की आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा आणि उभय पक्षांनी विनाकारण तहकुबी मागू नये. आदेशाची प्रत मी स्वतः नेऊन २ मार्चला खालच्या न्यायालयात दाखल केली. ‘मिळाल्यापासून’ असे शब्द असतात तेव्हा आदेश आपोआप पोहोचेल म्हणून थांबू नये.

इथे एक इशारा द्यायला हवा. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे म्हटले आहे की दुसऱ्या न्यायालयातल्या प्रकरणांना मुदत घालून देणे घटनात्मक न्यायालयांनी, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनी, सर्वसाधारणपणे टाळावे, अपवादात्मक परिस्थितीतच तसे करावे, कारण प्रत्येक न्यायालयात जुनी प्रकरणे साचलेली आहेत आणि वरपर्यंत पोहोचू शकणाऱ्याचेच आधी चालावे हे योग्य नाही. तो तर्क मला पटतो. माझ्यासाठी काढलेल्या तारखांमुळे त्या बोर्डावरच्या कोणाची तरी तारीख मागे गेली असणार. म्हणून आज माझ्यासारखी याचिका करणाऱ्याला आपले प्रकरण अपवादात्मक का, हे अधिक काळजीपूर्वक दाखवावे लागेल, आणि ते दाखवायला रोजनाम्याशिवाय दुसरे साधन नाही.

पुढचे नऊ महिने मी कधी पाहिले नव्हते असे न्यायालय पाहिले. दर आठवड्याला तारीख, आणि तारखेला काम. लेखापरीक्षकांची राहिलेली उलटतपासणी मॅडमनी एका दुपारी संपवली. अकरा वर्षांपूर्वीची गोदामाची मोजणी त्यांना आठवत नव्हती, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. दोन पंचांपैकी एक हयात नव्हते. तपास अधिकारी निवृत्त होऊन दूर राहत होते, त्यांची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून झाली. जप्त केलेल्या चिठ्ठ्यांचे पाकीट मुद्देमाल कक्षात तीन तारखा सापडत नव्हते. ते सापडले त्या दिवशी माझे हात थरथरत होते. कागद पिवळे पडले होते, काहींना वाळवी लागली होती, पण सह्या वाचता येत होत्या. कलम ३१३खालच्या जबाबात न्यायाधीशांनी मला एकेक प्रश्न विचारला आणि मी माझे म्हणणे प्रथमच न्यायालयात सलग सांगितले. त्याला पाऊण तास लागला. सहा महिन्यांत काम संपले नाही, तेव्हा न्यायाधीशांनी स्वतः उच्च न्यायालयाकडे तीन महिन्यांची मुदतवाढ मागून घेतली.

निकालाच्या दिवशी मेहुण्याला सोबत न्यावे, असे मॅडमनी आधीच बजावले होते. निर्दोष सुटल्यावरही, वरच्या न्यायालयात अपील झाले तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा जामीनकदबा, म्हणजे जामीनदारासह लेखी हमी, कलम ४३७-अ प्रमाणे द्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला आरोपी निकाल ऐकून आनंदात असतानाच जामीनदारासाठी धावाधाव करतो. मेहुण्याने दहा वर्षांनी पुन्हा तोच सातबारा काढून आणला होता. लेखापालही सुटले. निकाल इंग्रजीत होता; मॅडमनी शेवटचे पान मला मराठीत वाचून दाखवले आणि मी ते पुन्हा वाचायला सांगितले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे नव्या प्रकरणांत कलमांचे क्रमांक वेगळे असतील. कलम ३०९ची जागा ३४६ने घेतली आहे आणि कारण आटोक्याबाहेरचे असले तरी एका पक्षाला दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असे त्यात आले आहे. कोठडीत असलेल्यांसाठी कलम ४७९ सर्वांत महत्त्वाचे आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या आणि पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीच्या बाबतीत एक तृतीयांश काळ काढलेल्या कैद्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ती लागू नाही. जुन्या प्रकरणांतल्या कच्च्या कैद्यांनाही ही तरतूद लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या शेजारचा तो तरुण पूर्वी दोषी ठरलेला नसेल, तर या हिशेबाने त्याला एका वर्षातच सुटता आले असते.

व्यवस्थापकांचा वेगळा केलेला खटला त्याच न्यायालयात अजून चालू आहे आणि मला त्यात सरकार पक्षातर्फे साक्षीदार म्हणून समन्स आले आहे. माझ्या बोलण्याचा त्यांना फायदा होईल असे मला वाटत नाही. तरीही मी पहिल्याच तारखेला हजर राहिलो. पुकारा झाला तेव्हा व्यवस्थापकांचे वकील आलेले नव्हते. मी उभा राहून, साक्षीदार हजर असल्याची नोंद रोजनाम्यात घ्यावी, अशी विनंती केली. न्यायाधीशांनी कारकुनांकडे पाहिले आणि त्यांनी ती लिहून घेतली.